कोरड्या तलावाचा फोटो

सव्वीस वर्षं मी चिपळूणच्या एका शाळेत भूगोल शिकवला. पर्जन्यछायेच्या प्रदेशाचा धडा दर वर्षी जुलैत यायचा. बाहेर पाऊस इतका कोसळत असायचा की माझा आवाज शेवटच्या बाकापर्यंत पोचायचा नाही. फळ्यावर सह्याद्री काढायचा, त्याच्या उजव्या अंगाला खडूचे चार ठिपके द्यायचे आणि सांगायचं, ‘इथे ढग येतात तेव्हा रिकामे झालेले असतात.’ त्या ठिपक्यांत माणसं राहतात हे मला ठाऊक होतं. पण तिकडे जाणं कधी झालं नव्हतं.

निवृत्त झाले तेव्हा सहकाऱ्यांनी वर्गणी काढून कॅमेरा दिला. मी मग गुहागरची चौपाटी, परशुरामाचा घाट, वाशिष्ठीचं पात्र असं दिसेल ते टिपत सुटले. घरी सगळे छान म्हणायचे. मला मात्र दिसत होतं की माझ्या फोटोंत समुद्र नेहमी एका बाजूला सांडत असतो आणि डोंगर मुळात असतो त्याच्या निम्मा होऊन येतो. डोळ्यांना जे दिसलं ते कागदावर का उतरत नाही, हे काही केल्या उमगत नव्हतं.

अशात वत्सलाचा फोन आला. कोल्हापूरला बी.एड. करताना आम्ही वसतिगृहाच्या एका खोलीत राहत होतो. ती बीडची. लग्न होऊन लिंबागणेशच्या पुढच्या एका वाडीत गेली. शिक्षिकेची नोकरी काही जमली नाही, पण तिने वाडीतल्या बायकांची दूध सोसायटी उभी केली आणि आता ती तिची चेअरमन आहे.

“सुमे, तू फोटो काढायलीस म्हणं,” ती म्हणाली. “मग ये इकडं. आमच्या तलावाचे काढ.”

“तलावात पाणी आहे?”

“असतं तर तुला कशाला बोलावलं असतं बाई?”

मी चार दिवसांची पिशवी भरली. राहिले बारा दिवस.

बीड ते वाडी

बीडच्या स्टँडवर वत्सला आणि तिचे यजमान मला न्यायला आले होते. त्यांना मी दाजी म्हणते. सोसायटीचं दूध बीडला पोचवणारा टेम्पो तेच चालवतात. रिकामे कॅन मागे खडखडत होते आणि आम्ही तिघं पुढे दाटीवाटीने बसलो होतो. मांजरसुंब्याचा घाट चढल्यावर बालाघाटाचं पठार लागलं. माथा सुरीने कापल्यासारखे सपाट डोंगर, त्यांच्या अंगावर सीताफळाची निष्पर्ण झुडपं, आणि मधूनच एखादं कडुनिंबाचं झाड, तेही इतकं हिरवंगार की मी चकित झाले. सगळं करपलेलं असताना निंब मात्र नव्या पालवीने लखलखत होते.

“निंबाला कोन पानी घालतंय?” दाजी म्हणाले. “त्याचं मूळ आपल्यापेक्षा खोल गेलंय, बास.”

लागोपाठ दुसरं वर्ष पाऊस दगा देऊन गेला होता. घरी पोचल्यावर वत्सलाने घमेल्यावर माझे हात धुववले आणि ते पाणी उचलून म्हशीपुढे ठेवलं. मग पेलाभर पाणी दिलं. आमच्याकडे पाहुण्याने पेला संपवला की लगेच दुसरा भरतात, म्हणून अर्धा ठेवायची मला सवय. मी अर्धा खाली ठेवला. वत्सलाने बोलता बोलता तो उचलला आणि पिऊन टाकला. मला टोचून नव्हे, सहज. पुढचे बारा दिवस मी पेला तळापर्यंत संपवला.

जेवायला ज्वारीची भाकरी, भाजलेल्या धान्या-मसाल्याच्या पिठाची म्हणजे येसराची आमटी आणि शेंगदाण्याची चटणी. भातावर वाढलेली मी, त्या आमटीचा पहिला घोट घेतला आणि डोळ्यांत पाणी आलं. “तिखट लागलं का?” वत्सलाने विचारलं. मी नाही म्हटलं आणि पुन्हा वाढून घेतली.

जेवणानंतर तिने खरी गोष्ट सांगितली. वाडीचा पाझर तलाव गाळाने भरला होता. पाऊस झाला तरी पाणी टिकत नव्हतं, विहिरींना पाझर फुटत नव्हता. म्हशींना पाणी नाही, त्यामुळे दूध घटलेलं, आणि असंच चाललं तर सोसायटीला कुलूप. गाळ काढायचं यंत्र गावोगाव फिरत होतं. पावसाळ्याआधी कुठल्या तलावांवर जायचं, त्याची यादी येत्या आठवड्यात ठरणार होती. सोसायटीने अर्ज केला होता, सोबत मोबाइलवर काढलेले फोटोही जोडले होते. अर्ज परत आला. फोटोंवरून गाळ किती आहे ते कळत नाही, असा त्यावर शेरा.

“साहेबांचंबी खरं हाय,” वत्सला म्हणाली. “मीच बघितले ते फोटो. नुसतं मैदान दिसतंय. क्रिकेट खेळावं असं.”

पहिले दोन दिवस, सगळे फुकट

दुसऱ्या दिवशी अकरा वाजता मी तलावावर गेले. बांधावर चढून एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सगळं चौकटीत घेतलं. आकाश पांढरंफटक, जमीन पांढरीफटक, मध्ये बांधाची एक वाकडी रेघ. घरी येऊन पाहिलं तर मोबाइलच्या फोटोंत होतं तेच, फक्त आकाराने मोठं.

संध्याकाळी पुन्हा गेले. सूर्य डोंगरामागे उतरत होता, भेगाळलेल्या जमिनीवर तांबूस उजेड पसरला होता, एका वाळल्या बाभळीवर दोन बगळे. मी हरखून तीस-चाळीस फोटो काढले. परतताना दूध केंद्रावर थांबले, तेव्हा दूध घालायला आलेल्या बायकांनी कॅमेऱ्याभोवती गर्दी केली. “लई झाक!” एक म्हणाली. दुसरीने विचारलं, “हे कुठलं गाव हाय?”

वत्सलाने सगळे फोटो शांतपणे पाहिले.

“सुमे, राग मानू नकोस. हे बघून साहेब म्हणंल, सहलीला यावं.”

खरं सांगते, मला राग आला. तिचा नाही, माझा. दुष्काळ इतका देखणा काढून ठेवायला मी एवढ्या लांब आले होते का? पण नुसतं चिडून फोटो सुधारत नाही. दाजी म्हणाले, “लिंबागणेशला नसीरभाई हायेत. लग्नाचे फोटो काढत्यात. त्यांना इचारून बघा की.”

लिंबागणेश

सकाळचं दूध पोचवायला निघालेल्या टेम्पोतून मी लिंबागणेशला उतरले. आधी गणपतीचं दर्शन घेतलं. आमच्याकडच्या देवळांत पाय ठेवला की ओलावा लागतो. इथला दगड सकाळी नऊलाच तापू लागला होता. मग विचारत विचारत नसीरभाईंचा स्टुडिओ गाठला. एक खोली, मागे धबधब्याचा पडदा. ते साठीचे असतील. यंदा लग्नं घरच्या घरी उरकत होती, त्यामुळे त्यांना भरपूर सवड होती.

त्यांनी चष्मा पुसला, माझा कॅमेरा हातात घेतला आणि एकेक फोटो बघत गेले. निम्म्या वाटेवर थांबले.

“बाई, तुमी सगळं धरायला बगता. म्हनून हातात कायीच येत न्हाई.”

“मग काय करू?”

“आधी सांगा, तुमाला दाखवायचं काय हाय?”

मी म्हटलं, तलाव. ते मान हलवत राहिले. मग म्हटलं, गाळ.

“गाळ किती हाय?”

“पुरुषभर तरी असेल म्हणतात.”

“मंग ह्याच्यात पुरुष कुठंय?” त्यांनी पडद्यावर बोट ठेवलं. “तलाव किती मोठा, ते तलाव सांगत न्हाई. जवळ मानूस उभा केला की मानूस सांगतो.”

तासभर त्यांनी माझी शिकवणी घेतली. पडद्यावर जाळी आणायचं बटण दाखवलं आणि डोंगराची रेघ तिला लावायला सांगितली, म्हणजे सांडायचं थांबेल. सकाळी सातच्या आत या म्हणाले, तेव्हा उजेड आडवा असतो आणि ढेकळालाही सावली असते. उभ्याने काढू नका, गुडघ्यावर बसा, पायाजवळ काहीतरी असू द्या. अॅपर्चर, म्हणजे उजेड आत घेणारं भिंगाचं भोक, लहान केलं की जवळचं आणि लांबचं दोन्ही साफ येतं, पण मग हात हलता कामा नये. माझ्याकडे कॅमेऱ्याची तिवई नव्हती. ते हसले. “दूध सोसायटीत राहता न्हवं? कॅन पालथा घाला.”

चहा झाला. मी निघताना म्हणाले, “पर बाई, गाळ तर जमिनीत हाय. वरून कावून दिसंल? त्याला उघडा पाडावा लागंल.”

खांब

हेच वाक्य मी संध्याकाळी दूध केंद्रावर जसंच्या तसं सांगितलं. रांगेत कौसाबाई होत्या. सत्तरीच्या पुढच्या, बारीक चणीच्या, एका म्हशीचं दूध रोज स्वतः घेऊन येणाऱ्या. त्यांनी किटली खाली ठेवली.

“तलावात खांब हाय की,” त्या म्हणाल्या. “पानी मोजायचा. दगडाचा. त्याच्यावर रेघा हायेत.”

वत्सला म्हणाली, “कुठला खांब? म्हशी अंग घासतात तो धोंडा?”

“धोंडा न्हाई माय, खांबाचं डोस्कं हाय ते.”

बहात्तरच्या दुष्काळात हा तलाव झाला तेव्हा कौसाबाई नव्या नवरी होत्या. माहेरून आल्या त्या थेट कामावरच. खडी फोडली, मातीची घमेली वाहिली. खांब उभा केला त्या दिवशी मुकादमाने नारळ फोडला होता आणि खोबऱ्याचा तुकडा त्यांच्याही हातावर ठेवला होता. खांब पुरुषभर उंच होता आणि त्यावर बारा रेघा होत्या. “वरची रेघ बुडाली तर गावात साखर वाटायची, असं ठरलंतं,” त्या म्हणाल्या. “एकदाच वाटली.”

दुसऱ्या दिवशी सकाळचं दूध गेल्यावर नऊ बायका टिकाव-खोरी घेऊन तलावात उतरल्या. त्यांतल्या बहुतेक ऊसतोडीवरून नुकत्याच परतल्या होत्या. पाच-सहा महिने कारखान्याच्या फडात राहून आलेल्या, हाताचे घट्टे अजून ताजे. मीही खोरं धरलं आणि पाव तासात खाली ठेवलं. कोणी हसलं नाही. एकीने एवढंच म्हटलं, “बाई, तुमी थांबा. तुमचं काम परवा हाय.”

वरचा हातभर थर विटेसारखा कडक. त्याखाली भुसभुशीत काळा गाळ. खांबाभोवती खड्डा खोल खोल होत गेला. दगडावर छिन्नीने कोरलेल्या रेघा एकेक करून वर येऊ लागल्या. प्रत्येक रेघेला बायका मोठ्याने आकडा म्हणत. बांधाच्या बाजूने खड्डा उतरता कापला, म्हणजे तिकडून आतलं सगळं दिसावं. मागची भिंत सरळ उभी ठेवली. दोन दिवसांत टिकाव मुरमाला लागला आणि बारावी रेघ हाती आली.

त्या उभ्या कापात गाळाचे थर एकावर एक दिसत होते, भाकरीच्या चवडीसारखे. मी सव्वीस वर्षं फळ्यावर असले थर काढले होते. हात लावून आज पहिल्यांदा पाहिले. कौसाबाईंनी एका जाड थरावर बोट ठेवलं. “ह्ये त्या सालचं. ओढ्याला पूर आलता, आमचं कोंबड्यांचं खुराडं गेलतं.” माझ्या पुस्तकात ही माहिती कधी नव्हती.

त्या सकाळी

साडेसहाला आम्ही तलावात होतो. हवेत अजून गारवा होता. कुठेतरी मोर ओरडला. पालथा घातलेला कॅन, त्यावर बाजरीची अर्धी भरलेली पिशवी आणि पिशवीत रोवून बसवलेला कॅमेरा. मी गुडघे टेकले. पडद्यावर जाळी आणली, डोंगराचा सपाट माथा तिच्या रेघेला लावला. सूर्य डाव्या बाजूने आडवा येत होता आणि प्रत्येक भेगेला काळी कड चढली होती.

कौसाबाई उतारावरून खाली गेल्या आणि खांबाशी उभ्या राहिल्या. त्यांनी हिरवं लुगडं नेसलं होतं, फोटो आहे म्हणून. त्यांचं डोकं तलावाच्या तळाच्या खाली होतं. त्यांच्या मागे आणि दोन्ही अंगांना गाळाच्या भिंती, वर भेगाळलेलं मैदान, त्यामागे बांध, बांधामागे डोंगर. कोणी काही सांगायची गरज नव्हती. मी बटण दाबलं.

पडद्यावर पाहिलं आणि मला कळलं, झालं. सहा महिने जे उमगत नव्हतं ते समोर होतं. डोंगर डोंगराएवढा होता.

तिथे थांबायला हवं होतं.

पण त्यांच्या चेहऱ्यावर खांबाची सावली पडत होती. तेवढी गेली तर? मी हाक मारली, “कौसाबाई, जरा मागे सरता का? भिंतीला टेका. हां, अजून थोडं.”

त्या सरल्या. पाठ टेकली. आणि भिंत खाली आली.

फारसा आवाज झाला नाही. पोतं सोडल्यावर होतो तेवढाच. धूळ उठली आणि त्या धुळीत हिरवं लुगडं दिसेनासं झालं. आजूबाजूच्या बायका धावल्या. मी कॅनशी गुडघ्यावर तशीच. कोकणातली मी, आमच्याकडे दर पावसाळ्यात कुठे ना कुठे दरड कोसळते. माती उभी कापली की ढासळते, हे मी मुलांना शिकवलं होतं, परीक्षेत विचारलं होतं.

“खोरं नगं!” वत्सलाचा आवाज आला. “खोरं लागंल तिला! हातानं काढा, हातानं!”

त्या आवाजाने मी भानावर आले आणि धावत खाली उतरले. कौसाबाई कमरेपर्यंत गाळात होत्या. खांबाला दोन्ही हातांची मिठी, डोळे मिटलेले, केस मातीने भरलेले. आठ-दहा जणींचे हात कुत्र्यांनी उकरावं तसे माती मागे फेकत होते. माझेही. नखांत माती घुसत होती ते नंतर कळलं. किती वेळ गेला सांगता येणार नाही. मग कौसाबाई खोकल्या, थुंकल्या आणि म्हणाल्या,

“माझी चप्पल गेली की गं आत.”

वत्सला रडता रडता हसली. मला तेही जमलं नाही.

त्यांचा उजवा पाय घोट्यापाशी सुजत चालला होता. दाजींनी टेम्पो थेट तलावात आणला. दुधाचे कॅन एका बाजूला सरकवून मागे गोधडी अंथरली आणि आम्ही बीडला निघालो. मी त्यांचं डोकं मांडीवर घेऊन बसले होते. वाटेत कॅमेरा उघडला. दुसऱ्या वेळी बटण दाबलं गेल्याचं मला आठवत नव्हतं. पण फोटो होता. भिंत सुटताना, आणि कौसाबाई अजून माझ्याकडे बघताहेत. मी तो पुसून टाकला. पहिला ठेवला.

बीड

दवाखान्यात आमचा नंबर यायला दुपार झाली. मी बाकावर बसून होते आणि मनात एकच घोळत होतं, या वयात हाड मोडलं तर ते जुळत नाही. आमच्या शेजारच्या काकू अशाच पडल्या आणि पुन्हा उठल्या नाहीत. म्हशीचं दूध कोण काढणार? त्या एकट्या राहतात. मुलगा-सून पुण्याला. मी त्यांना काय सांगणार, सावली पडत होती म्हणून?

डॉक्टर तरुण होता. त्याने एक्स-रे उजेडासमोर धरला, दोनदा उलटसुलट पाहिला.

“हाड शाबूत आहे,” तो म्हणाला. “मुरगळलाय. चार दिवस पाय टेकवायचा नाही. आजी, तुमची हाडं चांगली आहेत.”

“घमेली वाहिल्यात,” कौसाबाई म्हणाल्या.

मी बाहेर व्हरांड्यात गेले, भिंतीकडे तोंड केलं आणि पोटभर रडले. वत्सला आली, शेजारी उभी राहिली, मग म्हणाली, “चल, चहा पिऊ. सकाळपासून पोटात काय न्हाई.”

चहा घेऊन आत आल्यावर मी कौसाबाईंचे हात धरले. “माझ्यामुळे झालं. मी सांगितलं म्हणून तुम्ही मागे गेलात.”

“तुमी सांगितलं ते खरं,” त्या म्हणाल्या. “पर मलाबी डोळे हायेत की. माती कच्ची हाय, दिसत न्हवतं व्हय मला? फोटूच्या नादात मीबी ऱ्हायले.” बशीतला चहा संपवून त्यांनी विचारलं, “आला का?”

“काय?”

“फोटू.”

“आला. पहिला चांगला आलाय.”

“मंग इथं कावून बसलाव? बीडातच हावोत. द्या की नेऊन सायबाला.”

फोटो मोठा छापून घेतला. सोसायटीचा अर्ज वत्सलाच्या पिशवीत कायमच असतो. आम्ही कचेरीत गेलो, कौसाबाई रिक्षात, पाय समोरच्या दांडीवर ठेवून. अभियंता साहेब घरी जायच्या तयारीत होते. त्यांनी फोटो हातात घेतला आणि खिडकीशी नेला.

“हा मोजखांब?”

“हो,” वत्सला म्हणाली.

“आणि या बाई केवढ्या उंचीच्या?”

“खाली रिक्षात हायेत. बघून घ्या.”

ते खरंच जिना उतरून आले. रिक्षापाशी वाकून म्हणाले, “आजी, त्या खांबावर रेघा किती?”

“बारा. तेरावी कोरायची ऱ्हायली, मुकादम आजारी पडलाता.”

साहेब पुन्हा वर गेले. अर्ध्या तासाने आले ते एक जुनी फाइल घेऊन. त्यातल्या पिवळ्या नकाशावर खांब होता, बारा खुणा होत्या आणि तेरावी खूण नुसती पेन्सिलने आखून ठेवलेली होती. ते बराच वेळ नकाशाकडे आणि फोटोकडे आळीपाळीने पाहत राहिले. मग म्हणाले, “परवा येतो.”

पुन्हा वाडीत

परवा म्हणजे परवाच ते आले. खड्ड्याच्या काठावर उभे राहताच आधी आम्हाला झापलं. “ही भिंत अशी सरळ कोणी कापली? जीव गेला असता.” मग टेप काढून मोजमाप घेतलं, वहीत लिहिलं आणि खड्ड्याभोवती काटेरी फांद्या रोवायला लावल्या. जाताना वत्सलाला म्हणाले, “यादीत नाव घालतो. शेजारच्या गावचं काम संपलं की यंत्र इकडे.”

वत्सलाने मान डोलावली. गाडी वळणापार गेली तशी ती बांधावरच मटकन बसली आणि पदर तोंडाला लावून हसत सुटली. मीही शेजारी बसले. आम्ही दोघी वसतिगृहात निकाल लागल्यावर बसायचो तशा बसून होतो.

यंत्र येईपर्यंत मी थांबले. कौसाबाईंच्या म्हशीचं दूध काढायची पाळी बायकांनी वाटून घेतली होती. मला दूध काढता येत नाही, म्हणून त्यांची भाकरी माझ्याकडे आली. माझ्या भाकरीला कधी कडा नसायच्या, कधी मध्ये भोक. त्या खाटेवर बसून खायच्या आणि म्हणायच्या, “तुमच्या फोटूसारखीच हाय. रोज थोडी सुधारतीया.”

सकाळी सातच्या आत मी फिरून यायचे. बांध, निंब, कडब्याची रास, टँकरपाशी घागरींची रांग. रेघ आता सरळ यायची. एके दिवशी नसीरभाई वाडीत आले. मी त्यांना सगळं सांगितलं, पुसलेल्या फोटोचंही.

“एकदा मी नवरदेवाला असाच मागं सरकवलाता,” ते म्हणाले. “स्टेजवरून पडला. हात गळ्यात बांधून फेरे घेतले त्यानं. तवापासून ठरवलं. मानूस हाय तिथंच ऱ्हाऊ द्यायचा. हलायचं तर आपुन.”

दहाव्या दिवशी यंत्र आलं. पहिला गाळ निघाला तो ट्रॅक्टरमध्ये भरून शेतांत पसरायला गेला. दूध केंद्रावर त्या दिवशी कोणाला घरी जायची घाई नव्हती. वत्सलाने सगळ्यांसाठी सुशीला केला. चुरमुऱ्यांचा तो झणझणीत नाश्ता मी तीनदा घेतला. कौसाबाई काठी टेकत दारापर्यंत चालून गेल्या आणि परत आल्या. पाय टेकवून चालण्याचा तो त्यांचा पहिला दिवस. मी खोलीच्या कोपऱ्यात उभी राहून त्यांची पावलं मोजत होते.

परतीची वाट

बीडहून गाडी सुटली आणि मी झोपले. पुण्याला बदलायच्या वेळी कंडक्टरने उठवलं, दुसरी गाडी धरली, पुन्हा झोपले. कुंभार्ली घाट कधी उतरलो तेही कळलं नाही. कित्येक दिवसांची झोप साठली होती.

चिपळूणच्या स्टँडवर हे न्यायला आले होते. माझ्या हातातली पिशवी घेत त्यांनी विचारलं,

“काय, फोटो कसे आले?”

“कौसाबाई चालायला लागल्या,” मी म्हटलं.

“कोण कौसाबाई?”

त्यांनी स्कूटर सुरू केली होती. मी त्यांना ती बंद करायला सांगितली, स्टँडसमोरच्या हॉटेलात नेलं, दोन चहा सांगितले आणि सुरुवातीपासून सांगायला लागले.